मधलं माप

मधुवंतीनं ब्लेडचं टोक शिवणीत सरकवलं आणि डाव्या बाहीचा मुंढा तिसऱ्यांदा उसवायला घेतला. काळ्या कापडावर काळा दोरा, त्यात गच्चीवरचं जानेवारीचं ऊन म्हणजे नावाला. टाका कुठला आणि कापडाचा धागा कुठला, हे डोळ्यांपेक्षा बोटांनाच विचारावं लागत होतं. चौथ्या टाक्याला ब्लेड निसटलं आणि कापडाला चांगली अर्ध्या बोटाची चीर पडली.

"गेलं," ती म्हणाली.

चटईच्या दुसऱ्या टोकाला तिच्या सासूबाई, शालिनीताई, मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"श्रुती पुण्याहून सेट पाठवत होती," त्या म्हणाल्या. "ड्रेस, मुकुट, हार, सगळं एका डब्यात. नणंद एवढ्या हौसेनं म्हणतेय तर घेऊन घ्यायचं."

"मी शिवणार आहे, आई."

"शिव ना. मना कोण करतंय? फक्त उद्या चारला बायका येतील, तोवर होऊन जाऊ दे."

उद्या अवंतिकाचं बोरन्हाण होतं. माधवगंजच्या त्या गल्लीत मराठी घरं तीन, त्यामुळे बोरन्हाण म्हणजे काय हे मधुवंतीनं आठवडाभर जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी आणि ऑफिसात उभ्याउभ्या समजावून सांगितलं होतं. लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं नि तिळाच्या गजकाचे तुकडे ओतायचे. ऐकणाऱ्याला काळ्या कपड्यांपर्यंत सगळं पटायचं. तिथं मात्र गाडी अडायची. दौलतगंजच्या दुकानदारानं तर कापड फाडायच्या आधी कात्री हातात धरून विचारलं होतं, "मैडम, बिटिया के लिए काला? त्योहार पे? मैरून दिखा दूँ?" आणि चार दिवसांनी ती पुन्हा दारात उभी राहिली, तेव्हा तो काहीच बोलला नाही. काळ्याचा तागा तेवढा खाली काढला. ते न बोलणं तिला जास्त लागलं.

पहिलं कापड वाया गेलं होतं आणि दुसरं वाया चाललं होतं.

बाजारात मिळत नाही म्हणून ती शिवत नव्हती. अवंतिका गेल्या जुलैत घरी आली ती सोळा महिन्यांची होऊनच. त्याच्या आधीचं सगळं राहून गेलं होतं. दुपटी, लंगोट, झबली, कुंची, यातलं काही म्हणता काही मधुवंतीच्या हातून शिवलं गेलं नव्हतं. बारसंदेखील नाही. नाव दत्तक देणाऱ्या संस्थेनंच ठेवलेलं होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की बदलायला निमित्तही मिळेना. बोरन्हाण हा पहिला सोहळा होता जो वेळ टळून जायच्या आत तिच्या हाती लागला होता. या घरात श्रुतीचं, शंतनुचं, श्रुतीच्या दोन्ही मुलांचं बोरन्हाण झालं ते आपापल्या आईनं शिवलेल्या कपड्यांत. ते फोटो अल्बममध्ये ओळीनं लावलेले होते. त्या ओळीत पाचवा फोटो पुण्याहून आलेल्या डब्यातला असू नये, एवढंच तिला हवं होतं. एवढंच म्हणताना ते किती हवं होतं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

पण पोर मापात बसेना.

कापायचे कागद तिनं कोल्हापूरच्या एका शिवणशिक्षिकेच्या व्हिडिओवरून उतरवले होते, ऑफिसातल्या प्रिंटरवर चोरून छापले होते आणि सेलोटेपनं जोडले होते. कागदांवर वयं होती. एक वर्ष. दोन वर्षं. अवंतिकाची छाती एक वर्षाच्या कागदाची, उंची दोन वर्षांच्या कागदाची आणि खांदे कुठल्याच कागदाचे नाहीत. दोनच्या मापानं कापलेला झगा गळ्यातून थेट दंडावर उतरला. एकच्या मापानं कापून खाली लांबी वाढवली, तर मुंढ्यात हात असा अडकला की पोर एक हात वर करून, वर्गात उत्तर येत असल्यासारखी घरभर फिरली. शंतनु हसला. मधुवंती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

शेवटी तिनं त्या शिक्षिकेला मेसेज केला. उलट उत्तर आलं, "ताई, बाळाचं नक्की वय सांगा, त्यावर मधलं माप काढून देते."

मधुवंतीनं 'बावीस महिने' असं लिहिलं आणि पुसलं. कागदोपत्री वाढदिवस नऊ मार्च होता. तो डॉक्टरांनी दात मोजून ठरवलेला होता. नक्की वय तिला ठाऊक असतं तर आणखी काय हवं होतं. तिनं फोन पालथा ठेवला, तेव्हापासून आजतागायत त्या बाईंना उत्तर गेलं नव्हतं.

"नाप स्वेटरवरून घेतलंस की आतून?" शालिनीताईंनी विचारलं.

"थर्मलवरून."

"उद्या आत काय घालशील?"

"थर्मलच. आणि त्याच्यावर पातळ स्वेटर, नाहीतर गारठून जाईल."

"मग एक इंच तिथंच गेला की."

बरोबर होतं, म्हणूनच राग आला. तिनं ब्लेड चटईवर ठेवलं. तेवढ्यात जिन्यातून शंतनु वर आला. त्याच्या खांद्यावर दोन स्वेटर आणि माकडटोपी यांच्या आत कुठंतरी अवंतिका होती. खाली उतरवताच ती सरळ रिळावर गेली. मधुवंती ओरडेपर्यंत रीळ तिच्या हातात होतं आणि दोरा पाण्याच्या टाकीपर्यंत.

"अवंतिका, ठेव ते."

"नको."

हा तिचा सध्याचा आवडता शब्द होता. जेवण नको, अंघोळ नको, टोपी नको. मधुवंतीनं रीळ ओढलं, पोरीनं ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि भोकाड पसरलं. मग रीळ सोडून मटारांच्या ताटात हात घातला आणि मूठभर दाणे गच्चीवर उधळले.

"काय वाघीण आहे," शालिनीताई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत दाणे गोळा करायला उठल्या.

शंतनुनं चटईवरचे तुकडे पाहिले. "मधु, चल ना, बाज़ार जाऊन येऊ. घंटाभरात मिळून जाईल. इतना क्या टेंशन लेना."

"तुम्हा सगळ्यांना एवढंच सुचतं. विकत आणा."

"अगं, मी काय चुकीचं बोललो?"

"काही नाही. तिला खाली ने आणि झोपव."

तो पोरीला घेऊन गेला. मधुवंतीनं झग्याचा पुढचा भाग मांडीवर पसरला. चीर छातीवर नव्हती, मुंढ्याजवळ होती. लपवता आली असती, पण लपवून पुढं काय, मुंढा लहान तो लहानच. तिला रडू आलं, आणि एका फडक्यापायी रडू यावं याचा वर आणखी संताप आला. शालिनीताईंनी मटारांचं ताट बाजूला सारलं.

"कागद फेकून दे ते," त्या म्हणाल्या. "मी कधी कागद नाही वापरला. पोरं झोपली की अंगावर कापड टाकायची आणि साबणाच्या चिपेनं खूण करायची. जागं पोर कुठं नाप देतं?"

"हे आधी नाही सांगितलंत."

"तू विचारलंस कुठं? मला वाटलं, तुम्हाला मोबाईलवरून शिकायचं असतं."

मधुवंतीला यावर पुष्कळ काही बोलायचं होतं. ती उठून खाली गेली आणि न्हाणीतून साबणाची झिजलेली चीप घेऊन आली.

अवंतिका पलंगावर उताणी झोपली होती, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून. शालिनीताईंनी पातळ स्वेटर हळूच तिच्या अंगावर पसरला, त्यावर उसवलेलं काळं कापड ठेवलं आणि मधुवंतीनं कडेकडेनं साबण फिरवला. काखेपाशी शालिनीताईंनी तिचा हात धरून दोन बोटं खाली आणला. "इथं. आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा घाल. मग हात वर केला तरी ओढ नाही बसायची. तो मी घालून देते, तुला नाही जमणार." दोघींनी श्वाससुद्धा जपून घेतला. पोर एकदा कूस बदलायला गेली, तेव्हा दोघी कापड धरून अर्धवट वाकलेल्या तशाच राहिल्या. मधुवंतीला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी दहाला झगा झाला. चिरीवर खणाचा काठ आला, पाठीला अकरा बटणं आली. शिवताना बॉबिनचा दोरा दोनदा गुंतला, एकदा सुई बोटात गेली, पण झाला. अवंतिका झोपेतून उठल्या उठल्या तिनं तो स्वेटरवरून घालून पाहिला. खांद्यावर बसला, छातीवर बसला, हात वर करून पाहिला तर काखेत कुठं ओढ नाही. पोरीनं "नको, नको" म्हणत तो जेमतेम अर्धा मिनिट अंगावर ठेवू दिला. मधुवंतीला अर्धा मिनिट पुरला.

चार वाजता बायका आल्या. मराठी समाजातल्या सात-आठ, समोरच्या भदौरिया भाभी दोन नातवंडांना घेऊन, शिवाय गल्लीतली पोरं. शंतनुनं सतरंजी घातली, रांगोळीवर पाट मांडला आणि फोन चार्जिंगला लावला, कारण ऐन वेळी त्याची बॅटरी जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत मधुवंतीनं अवंतिकाला गरम पाण्यानं अंघोळ घातली, केस विंचरले, गालाला तीट लावली, झगा घातला. मग हलव्याचे दागिने आले. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. पोर गप्प उभी होती. मधुवंतीच्या मनात आलं, झगा खरंच चांगला झालाय, तिलाही कळतंय.

बाहेर आणल्यावर बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. भदौरिया भाभी म्हणाल्या, "अरे, काला तो इस पे खिल रहा है," आणि मधुवंतीला दौलतगंजच्या दुकानदाराला फोन करून हे ऐकवावंसं वाटलं.

"घरी शिवलास?" एका बाईनं विचारलं.

"हो. मीच."

"बाई बाई. काय बसलाय अंगावर. मापाचा अगदी."

कुणीतरी विचारलं, पोर पटकन रुळली का. हा प्रश्न नेहमी येत असे आणि त्याचं उत्तर द्यायला मधुवंतीला आवडत असे. गेले सहा महिने तिनं ते अनेकदा दिलं होतं. "रुळायचं काय, तिनं मला बघताक्षणीच हात वर केले," ती म्हणाली. "तिथल्या ताई म्हणाल्या, कुणाकडे जात नाही अशी. आम्हाला वाटलं होतं रडेल, वेळ लागेल. आम्ही दारात उभे, आणि ही सरळ चालत आली नि माझ्याकडे हात केले. जशी काही ओळखच होती." बायकांनी "अगं बाई" केलं. एकीनं डोळ्यांना पदर लावला.

शालिनीताईंनी निरांजन लावलं. एकेक जण पुढं येऊन ओवाळू लागली. अवंतिका पाटावर मांडी घालून बसली होती. हार गळ्यात होता, त्यातला एकही दाणा तिनं तोंडात घातला नाही. मुकुट ओढला नाही. कुंकू लावताना मान पुढं केली. कुणी साखर भरवली तर तोंड उघडलं, कुणी गालावरून हात फिरवला तर फिरवू दिला. "किती शहाणी," बायका म्हणत होत्या. काल हिनंच मटार उधळले होते, हे त्यांना सांगून खरं वाटलं नसतं.

शेवटची बाई ओवाळून मागं झाली. मधुवंती बोरांचं भांडं आणायला वळली. ती परत आली तेव्हा अवंतिका पाटावरून उठली होती.

ती बायकांच्या मधून दाराकडे चालली होती. दाराशी कुसुमताई उभ्या होत्या. सिटी सेंटरकडून यायच्या म्हणून उशीर झालेल्या, शालिनीताईंच्या भजनातल्या मैत्रीण. या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. अंगात अजून कोट होता, हातात पर्स. अवंतिका त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, वर पाहिलं आणि दोन्ही हात वर केले.

काखेत कुठंही ओढ बसली नाही.

"अगं सोने," कुसुमताई म्हणाल्या आणि पर्स सावरत त्यांनी तिला उचललं. "येतेस माझ्याकडे? चल, जाऊ आपण."

अवंतिकानं त्यांच्या कोटावर डोकं टेकलं. मग मान फिरवून सगळ्या खोलीकडे पाहिलं आणि हात हलवला. आजीला, बाबाला, ओळीनं बसलेल्या बायकांना. मधुवंतीलाही हलवला.

सगळ्या हसल्या. "टाटा करतेय बघा," कुणी म्हणालं. "किती माणसाळलेली आहे."

मधुवंती भांडं धरून उभी राहिली. जुलैतल्या त्या सकाळीही पोरीला अंघोळ घातलेली होती. केस विंचरलेले, अंगात नवा फ्रॉक. संस्थेतल्या बायकांनी ओळीनं ओवाळलं होतं, साखर भरवली होती, गालावरून हात फिरवले होते. मग त्या बाजूला झाल्या होत्या, आणि दाराशी हातात पर्स घेऊन एक अनोळखी बाई उभी होती. अवंतिकानं तिच्याकडे बघून हात वर केले होते.

ओळख वगैरे काही नव्हती. नवे कपडे घातले, ओवाळलं, की दाराशी उभ्या असलेल्या बाईबरोबर जायचं असतं, हे पोरीनं तेव्हा एकदाच शिकून ठेवलं होतं. आणि आजही न रडता निघाली होती.

तिनं भांडं शंतनुच्या हातात दिलं आणि कुसुमताईंकडून पोरीला घेतलं. "एक मिनिट हं," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. दागिने उतरवून पलंगावर ठेवले. पाठीची अकरा बटणं एकेक करून काढली. सातवं तुटूनच हातात आलं. झगा निघाला तसा तिनं तो खुर्चीवर टाकला, आणि धुवायच्या कपड्यांतून कालचा मरून रंगाचा स्वेटर ओढून काढला, पुढं वरणाचा डाग पडलेला. तो डोक्यावरून घालताना आतून आवाज आला.

"नको."

"घालायचाय," मधुवंती म्हणाली. "गप घाल."

माकडटोपीही घातली. टोपीवर मुकुट राहीना, म्हणून नुसता हार गळ्यात अडकवला.

बाहेर आल्यावर हसण्याबोलण्याचा आवाज जरा खाली आला. शंतनुच्या दुसऱ्या हातात फोन तयार होता. "अगं, फोटो तरी काढू द्यायचास," तो म्हणाला. "एक पण नाही झाला."

"राहू दे."

"एवढा सुरेख बसला होता ड्रेस," कुसुमताई म्हणाल्या.

"काखेत काचत होता तिला," मधुवंती म्हणाली.

शालिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं. काखेतला तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेला होता. मग त्यांनी टोपीकडे पाहिलं, वरणाच्या डागाकडे पाहिलं, आणि शंतनुच्या हातातून बोरांचं भांडं घेतलं.

"काचत असेल तर काय करणार," त्या म्हणाल्या. "बस, तू पण बस तिच्यासोबत खाली. उभी नको राहू."

मधुवंती पाटामागं सतरंजीवर बसली आणि अवंतिकाला पुढ्यात घेतलं. शालिनीताईंनी भांडं दोघींच्या डोक्यावर कलतं केलं. बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, गजकाचे तुकडे एकदमच आले. गल्लीतली पोरं तुटून पडली. भदौरिया भाभींच्या मोठ्या नातवानं अवंतिकाच्या मांडीवरचा गजक उचलला, तशी ती किंचाळली, त्याची बाही धरली आणि गजक परत मिळेपर्यंत सोडली नाही. हाराचे दोन दाणे मध्येच दातांनी तोडले. तिच्या मुठीत आता बोरं मावत नव्हती. तिनं ती मागं न बघताच मधुवंतीच्या मांडीत टाकली आणि पुन्हा पुढं झेपावली.